उसना शाप

कोरमंगलात मुलीच्या घरी येऊन मला आता दीड महिना होत आला. ऐंशी फुटी रस्त्यावरून आत वळले की वाहनांचा कोलाहल हळूहळू मागे पडतो आणि वर्षावृक्षांच्या सावलीत एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती लागतात. त्यांपैकी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ती राहते. सकाळी नऊला ती कामावर जाते आणि मग संध्याकाळपर्यंत घरात मी आणि तिची पुस्तके एवढेच उरतो. या वस्तीचा आणि पुस्तकांचा एक निराळाच संबंध आहे. घरपोच पुस्तके विकणारा फ्लिपकार्ट हा उद्योग २००७ साली याच कोरमंगलात सुरू झाला. पुढे त्याने पुस्तकांखेरीज सर्व काही विकले, ही गोष्ट अलाहिदा. मुलीच्या कपाटातली पुस्तके मात्र बहुतेक जुनी, कोल्हापूरच्या आमच्या घरातून एकेक करून आलेली आहेत. त्यांत एके दिवशी मला माझी ‘ययाति’ सापडली.

‘ययाति’वर एक लेख लिहायचे मी कबूल केले होते आणि त्याचे टाचणही तयार होते. तीस वर्षे शिकवलेल्या कादंबरीवर लिहिताना टाचण करावे लागते तेही सवयीने. विष्णु सखाराम खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली, १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला तेव्हा मराठीला तो सन्मान प्रथमच लाभला. त्या सुमारास मी शाळेत होतो. वडिलांनी ती आणली आणि घरात सर्वांनी आळीपाळीने वाचली. पुढे प्राध्यापक झाल्यावर वर्गात वापरली ती हीच प्रत. तिच्या समासात माझे पेन्सिलीचे शेरे होते. तेव्हा शिकवण्याच्या भरात केलेले ते शेरे मी इतक्या वर्षांनी, चष्म्याची काच पुसून, एखाद्या परक्या समीक्षकाचे वाचावेत तसे वाचू लागलो.

कादंबरीची रचना सर्वांना माहीत आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आपापली कथा आपल्याच तोंडाने सांगतात. ययातीच्या निवेदनाशेजारी मी लिहिले होते : ‘मानवी मोह’, ‘नियती’, ‘आधुनिक मनुष्याचे प्रतीक’, ‘अंतर्द्वंद्व’. शर्मिष्ठेच्या निवेदनाशेजारी : ‘समर्पण’, ‘वात्सल्य’. देवयानीच्या निवेदनाशेजारी मात्र ‘आत्मकेंद्री’ हा शब्द सहा ठिकाणी, ‘अहंकार’ चार ठिकाणी आणि ‘सूडबुद्धी’ तीन ठिकाणी. मी मोजून पाहिले. ययाती पत्नीला फसवतो तेथे माझ्या पेन्सिलीला नियती दिसली होती. फसवली गेलेली पत्नी संतापते तेथे त्याच पेन्सिलीला स्वभावदोष दिसला होता. एकाच घटनेच्या दोन टोकांना मी दोन शब्दकोश वापरले होते, आणि तीस वर्षे विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले होते.

हे लक्षात आल्यावर मी मूळ कथेकडे वळलो. महाभारताच्या आदिपर्वातील ययातीचे आख्यान मी अर्थातच पूर्वी वाचले होते. पण एखाद्या संहितेत आपण काय शोधतो यावर ती आपल्याला काय दाखवते हे अवलंबून असते. या खेपेला मी फक्त देवयानीच्या मागे चालत गेलो.

देवयानी काही निष्पाप नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. नकार देणाऱ्या कचाला तिने शाप दिला आहे. विहिरीत ढकलणाऱ्या शर्मिष्ठेला दासी करून मागण्याइतका तिचा राग टोकाचा आहे. पण पुढची गोष्ट निराळी आहे. विवाहाच्या वेळी शुक्राचार्यांनी ययातीला बजावले होते की, शर्मिष्ठेला मानाने वागव, पण तिला शय्येवर बोलावू नको. ययातीने ते मान्य केले आणि मोडले. शर्मिष्ठेला पहिला मुलगा झाला तेव्हा देवयानीने विचारले, तर तिला सांगण्यात आले की, कोणा एका ऋषीच्या कृपेने तो झाला. देवयानीने विश्वास ठेवला. पुढे ती राजाबरोबर वनात फिरत असताना तिला तीन मुले खेळताना दिसतात. तिन्ही रूपाने राजासारखी. ती त्यांना विचारते, तुमचे वडील कोण? मुले बोट उचलून राजाकडे दाखवतात. मग ती त्याच्याकडे धावतात; पण देवयानीच्या देखत राजा त्यांना जवळ घेत नाही. मुले रडत आईकडे जातात.

विश्वासघात उघड होण्याचा इतका साधा आणि इतका भयंकर प्रसंग मला अन्यत्र आठवत नाही. कोणी चहाडी केलेली नाही, पत्र सापडलेले नाही. एका मुलाने बोट उचलले आहे. आणि बापाने त्या मुलांना ओळख न दाखवणे हा त्याच क्षणी घडलेला दुसरा विश्वासघात आहे. शर्मिष्ठेचीही त्यात फसगत आहे.

यानंतर देवयानी वडिलांकडे जाते. तेथे ती जे बोलते ते मी या खेपेला तीनदा वाचले. अधर्माने धर्माला जिंकले, असे ती म्हणते. धर्मज्ञ म्हणून ज्याची ख्याती आहे त्या राजाने मर्यादा ओलांडली, असे ती म्हणते. त्याच्यापासून मला दोन मुले झाली आणि तिला तीन, असा हिशोबही ती मांडते. आणि त्या हिशोबात राणीचा नव्हे, एका दुखावलेल्या बाईचा आवाज आहे. पण ती शाप मागत नाही. घडले ते सांगते आणि थांबते. शाप शुक्राचार्य देतात. का देतात? ययाती आपला बचाव करतो की, शर्मिष्ठेने याचना केली, ती नाकारणे पाप ठरले असते. त्यावर शुक्राचार्यांचे उत्तर असे की, तू माझ्या अधीन होतास, मला विचारायला हवे होतेस. मुलीचे दुःख येथे बाजूला पडते आणि बापाचा मोडलेला शब्द पुढे येतो. वार्धक्याचा शाप सुटतो तो त्या शब्दापायी.

मग ययाती गयावया करतो. देवयानीच्या सहवासात माझी अजून तृप्ती झालेली नाही, असे कारण तो सासऱ्यापुढे मांडतो. त्याला मुभा मिळते, पुरू आपले तारुण्य देतो, आणि सहस्र वर्षांच्या त्या उसन्या तारुण्यात राजा विश्वाची नावाच्या अप्सरेबरोबर रमतो. जिच्या नावावर सवलत मागितली ती कोठे आहे? कथेतून ती जवळजवळ नाहीशी झालेली आहे. शेवटी पुरूला राज्याभिषेक होऊ घातला तेव्हा प्रजा विचारते की, शुक्राचार्यांचा नातू, देवयानीचा मुलगा, थोरला यदू असताना धाकट्याला राज्य कसे? तेवढ्यापुरते तिचे नाव पुन्हा ऐकू येते. तिच्या मुलाचे राज्य जाते, सवतीच्या मुलाला मिळते. हा जर तिचा सूड असेल, तर तो तिच्यावरच उगवला.

मग त्याला आपण देवयानीचा सूड का म्हणत आलो?

फसवल्या गेलेल्या पत्नीच्या सुडाची कथा जगाला नवी नाही. युरिपिडीसची मीडिया ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आली. नवऱ्याने राजकन्येशी लग्न केले तेव्हा तिने विषारी वस्त्र पाठवून त्या वधूला मारले आणि स्वतःच्या मुलांनाही मारले. ते कृत्य अमानुष आहे. पण शस्त्र तिचे स्वतःचे आहे, आणि त्याचा जाबही तिच्याकडेच मागता येतो. आपल्या दक्षिणेतील कण्णगीची गोष्ट याच्या उलट आहे. ‘शिलप्पधिकारम्’मध्ये कोवलन तिला सोडून माधवीकडे राहतो, द्रव्य उधळून परत येतो, आणि ती एका शब्दाने त्याला विचारीत नाही. तिचा संताप पेटतो तो त्याला अन्यायाने देहदंड झाल्यावर, आणि जळते ते मदुरै. पत्नीच्या क्रोधाला आपण देवत्व दिले, पण तो पतीकडे वळू लागला की आपल्याला चालत नाही. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कण्व सासरी निघालेल्या मुलीला आशीर्वाद देतात तो काय? ययातीला शर्मिष्ठा जशी मान्य होती तशी तू पतीला मान्य हो. ज्या कथेत एका पत्नीची फसवणूक झाली त्याच कथेतून वधूसाठी आशीर्वाद निघाला आणि फसवली गेलेली त्यात कोठेच नाही.

या परंपरेत खांडेकरांनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे, कारण येथे कृतज्ञता आणि तक्रार दोन्ही आहेत. त्यांनी देवयानीला ‘मी’ म्हणू दिले. महाभारतात वडिलांपुढच्या त्या तक्रारीनंतर जी मुकी होते ती त्यांच्या कादंबरीत शेकडो पानांच्या विस्तारात पुन्हा पुन्हा बोलते. पहिल्या रात्री नवऱ्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो आणि ती विटते, हा प्रसंग घ्या. मद्याच्या अमलात आपल्या पित्याच्या हातून काय घडले, राखेच्या रूपाने कच त्याच्या पोटात कसा गेला, हे तिने पाहिलेले आहे. तिच्या विटण्याला इतिहास आहे. असा सूक्ष्म धागा विणणारा लेखक देवयानीला ओळखत नव्हता असे मी म्हणणार नाही.

पण ओळखूनही त्यांनी तराजू थोडा कलता धरला. मूळ आख्यानात जी तक्रार होती ती कादंबरीत कारस्थान झाली. शर्मिष्ठेचा जीव धोक्यात घालणारी, नवऱ्याकडून आपल्याला स्पर्श न करण्याचे वचन वदवून घेणारी, सत्तेत रमणारी देवयानी येथे आहे. आणि ययातीच्या पुढच्या अधःपाताची निम्मी जबाबदारी वाचकाच्या मनात अलगद तिच्या दाराशी येऊन पडते. पत्नीने प्रेम दिले असते तर राजा असा झाला नसता, हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेन! संयमाचा पुरस्कार करण्यासाठी खांडेकरांना कच हवा होता, आणि कचाचा उजेड पडावा म्हणून कोणाला तरी अंधारात उभे राहणे भाग होते. ते काम ययातीपेक्षा देवयानीला जास्त करावे लागले.

काळाचा संदर्भही विसरता येत नाही. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना १९४६ साली कायद्याने बंदी आली आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. ‘ययाति’ त्यानंतर चारच वर्षांनी आली. पहिल्या पत्नीला प्रथमच कायद्याने काही आधार मिळालेला तो काळ होता. तरीही व्यभिचारासंबंधीच्या दंडसंहितेतील ४९७ व्या कलमाखाली फिर्याद करण्याचा अधिकार नवऱ्याला होता, तोही दुसऱ्या पुरुषाविरुद्ध. नवऱ्याच्या अशा संबंधाबद्दल पत्नीला फिर्यादी होता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवले. तेव्हा ते रद्द झाले हे योग्यच झाले. पण दीडशेहून अधिक वर्षे कायदा ज्या गोष्टीला गुन्हा म्हणत होता, तिच्यात पत्नीची फसवणूक हे प्रकरणच नव्हते. देवयानीला वडिलांकडे का जावे लागले, हे त्या कलमाच्या भाषेवरूनही कळते. जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

या इमारतीत खालच्या मजल्यावर कन्नडच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. मी ‘ययाति’ वाचतो आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, “कोणाची?” बेंगळुरूत तो प्रश्न रास्त आहे. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ हे पहिले नाटक १९६१ साली कन्नडमध्ये प्रसिद्ध झाले, आणि कार्नाड या शहरात दीर्घकाळ राहिले. २०१९ साली येथेच त्यांचे निधन झाले. मराठी कादंबरी आणि कन्नड नाटक यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. आमच्याकडे १९६६ मध्ये शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ रंगभूमीवर आले. एकाच दशकात तीन लेखक त्याच राजाकडे वळले. बाईंना कार्नाडांच्या नाटकातली चित्रलेखा पाठ होती. पुरूची ही पत्नी महाभारतात नाही. नवऱ्याने बापाचे वार्धक्य घेतले तेव्हा ती सासऱ्याला आपल्या आयुष्याचा जाब विचारते आणि अखेर विष घेते. “तिच्यामुळे आम्हाला कळलं, की त्या घरात फक्त राजाचंच आयुष्य मोजलं जात होतं,” बाई म्हणाल्या. मला वाटले, महाभारतातल्या देवयानीने मुलांची मोजदाद केली होती ती याच भाषेत. माझेही मोजा, एवढेच तिचे म्हणणे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख टाचणाप्रमाणे लिहिता आला नाही ती सांगतो.

२०१२ सालच्या मे महिन्यात एका दुपारी माझी मुलगी एक बॅग घेऊन कोल्हापूरला आली. लग्नाला तीन वर्षे झाली होती. तिने जेवण केले, आईला भांडी आवरू लागली आणि मग माझ्या खोलीत येऊन मला जे घडले ते सांगितले. शांतपणे सांगितले. कधीपासून, कोणाबरोबर, तिला कसे कळले. मी ऐकून घेतले आणि बोललो. मी चांगला बोलतो, असे माझे विद्यार्थी म्हणतात. क्षमा, संयम, माणसाचे स्खलन, संसाराची वीण असे पुष्कळ बोललो. कचाचा दाखला दिल्याचेही मला आठवते. शेवटी म्हणालो, “सुडानं आजवर कोणाचं भलं झालं आहे का?” ती उठून आईकडे गेली. चार दिवस राहिली, जाताना कपाटातून एक पुस्तक घेतले आणि बेंगळुरूला नोकरी मिळवून निघून गेली. पुढे कुटुंब न्यायालयातले सर्व काही तिने एकटीने केले. तिची आई दोनदा येऊन राहून गेली. मी परीक्षांची कामे सांगत राहिलो.

नेलेले पुस्तक ही ‘ययाति’ होती, हे मला गेल्या महिन्यात कळले.

परवा रात्री जेवणानंतर मी तिच्यापुढे माझे शेरे ठेवले आणि देवयानीबद्दल जे नव्याने सुचले ते सांगू लागलो. बराच वेळ ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाबा, ते शेरे मी त्याच वर्षी वाचले. तुम्ही मला काय म्हणाला होतात ते तेव्हा नीट समजलं.”

मी म्हणालो, “मी तुला क्षमा कर एवढंच म्हणालो होतो.”

“नाही. तुम्ही सूड घेऊ नको म्हणालात. मी कुठे सुडाचं बोलले होते?”

मी आठवू लागलो. ती दुपार, तिची बॅग, तिचे एकेक वाक्य. तिने खरोखरच काही मागितले नव्हते. नवऱ्याला शिक्षा व्हावी असे ती म्हणाली नव्हती, त्याच्या घरी जाऊन बोला असेही म्हणाली नव्हती. घडले ते सांगून ती थांबली होती. ‘सूड’ हा शब्द माझा होता. समासात लिहून लिहून हाताला सवयीचा झालेला तो शब्द मी तिच्यापुढे ठेवला होता.

“मग तुला काय हवं होतं?” मी विचारले. बारा-तेरा वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारीत होतो.

“त्यानं चूक केली, एवढं तुम्ही म्हणायला हवं होतं,” ती म्हणाली. “पुढचं माझं मी बघणारच होते.”

शुक्राचार्यांना मी वर्गात क्रोधाचे प्रतीक म्हणून रंगवीत असे. आता त्यांच्याबद्दल बोलताना मला जपून बोलावे लागेल. मुलीने सांगितलेल्यावर त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. पण तिचे गाऱ्हाणे त्यांनी आपल्या अधिकाराचा प्रश्न करून टाकले आणि शाप आपल्या नावाने दिला. मी शाप दिला नाही. उपदेश दिला, तोही माझ्याच नावाने. तुला काय हवे आहे, हे दोघांनीही विचारले नाही. त्यांच्या शापाचे ओझे मुलीच्या नावावर चढले आणि ती सूडबुद्धीची ठरली. माझ्या उपदेशाचे ओझे काय झाले ते माझी मुलगी जाणे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यातून काही सांगावे असे मला वाटते, कारण हा लेख त्यांच्या हाती पडेल. ‘सूड’ हा शब्द वापरण्यापूर्वी त्या पात्राने सूड मागितला आहे का, हे संहितेत शोधा. तक्रार, साक्ष, संताप आणि सूड या चार निराळ्या गोष्टी आहेत. पुरुषपात्राच्या तोंडी त्या आल्या तर आपण त्या निराळ्या ओळखतो. स्त्रीपात्राच्या तोंडी आल्या की त्यांना एकाच समासात कोंबतो. खांडेकरांची देवयानी सूड घेते, हे खरे आहे, आणि त्याची चिकित्सा व्हावी. पण ती चिकित्सा करताना आदिपर्वातली देवयानी, जिने वडिलांपुढे फक्त घडले ते सांगितले, तिला त्याच आरोपात गोवू नये. ती निराळी बाई आहे, आणि तिचे म्हणणे अद्याप कोणी ऐकून घेतलेले नाही.

पेन्सिलीचे शेरे खोडावेत की ठेवावेत, असे मी मुलीला विचारले. ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “राहू द्या. तुमचंच पुस्तक आहे.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण जाताना नेऊ नका.”